हॅलो, मागचा बेंच!

पुण्यात टीमला ट्रेनिंग देणं हा माझा रोजचा जॉब. त्यामुळे मूर्तिजापुरात आईच्या जुन्या शाळेत नववीच्या पोरांशी करिअरवर बोलायचं म्हणजे एकदम सोप्पं वाटलं. चाळीस स्लाइड्स रेडी! पण दहाव्या मिनिटाला वर्ग गार आणि मागच्या बेंचवर एक जण चक्क झोपलेला. मी त्याला सगळ्यांसमोर उठवलं. ‘रातची लाइन होती सर, ओलिताले गेलतो,’ तो मान खाली घालून म्हणाला.

घरी आई म्हणाली, ‘बाबू, तू त्याले काही इचारलं काय? नुसता सांगतच गेला!’ मग तिनं गाडगेबाबांची आठवण काढली. याच तालुक्यातल्या दापुरे गावात लहानपण गेलेले, शाळा न शिकलेले बाबा कीर्तनात प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडूनच काढून घेत.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घरीच ठेवला. आधी त्या मुलाला सॉरी म्हटलं, मग विचारलं, ‘शेतात लाइन आली की तुम्ही काय करता?’ त्यानं फळ्यावर मोटर, स्टार्टर, मोबाइल सगळं काढलं. ‘मोटर मोबाइलवरून चालू होते सर, पण पाणी हातानंच फिरवा लागते!’ वर्ग हसला. मग ते काम कसं वाचवायचं, यावर पोरं भांडायलाच लागली. घंटा झाली तरी कुणी उठेना.

सोमवारी ऑफिसात पहिली स्लाइड लावलीच नाही. आधी विचारलं, ‘काल रात्री कुणाची झोप झाली नाही?’

निम्मे हात वर!