मोजायची सवय



राखीला लेक आणि नात आठवडाभर आल्या होत्या. नात दहा वर्षांची. कोपऱ्यावरच्या दुकानात डाळ आणायला तिला बरोबर नेलं. पावणेदोन किलो मूगडाळ, भाव १२४ रुपये. दुकानदाराचा हात कॅल्क्युलेटरकडे जातोय तोवर ही म्हणाली, "दोनशे सतरा." त्याने बटणं दाबली आणि माझ्याकडे बघून हसला. मला मात्र तिच्या जागी क्षणभर आप्पाच उभे दिसले.

आमच्या आप्पांचं सांगलीत हळदीचं अडत दुकान होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ. शेतकऱ्याची पोती काट्यावरून उतरायच्या आत आकडा तयार असायचा. दिवस मावळायच्या आत घरी येऊन जेवायचे, पुन्हा दुकानात जाऊन रोजमेळ जुळवायचे. दहा पैशांचा फरक आला तरी झोप नाही. एकदा तो फरक सापडला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, आणि आई कंदील घेऊन दुकानाच्या पायरीवर बसली होती, हे मी लहानपणी स्वतः पाहिलंय.

मी १९८२ साली बी. कॉम. झाले. नोकरी केली नाही, पण लग्नानंतर घरखर्चाची वही सुरू केली ती आजवर एक दिवस चुकलेली नाही. लेक पुण्यात एका कंपनीचे हिशेब तपासते. आता नात. पावकी-औटकी तिला कुणी शिकवलेली नाही, तरी पाऊण म्हटलं की तिच्या डोक्यात काहीतरी टिकटिक होतं. मुलगा तेवढा वडिलांवर गेला. उशीला डोकं टेकलं की घोरायला सुरुवात, आणि हिशेब विचारला तर "असेल काहीतरी शे-दोनशे". त्याचं बरं आहे म्हणा.

रात्री मी यांना कौतुकाने डाळीची गोष्ट सांगितली. म्हटलं, "बघा, आमच्या माहेरचं डोकं चौथ्या पिढीत उतरलं." हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "हो, आणि ते दुसरंही तुमच्या माहेरचंच."

दुसरं म्हणजे अबोला.

आमची आई कधी भांडली नाही. ती बोलायची बंद व्हायची. माझ्या काकूशी तिचा एक अबोला अख्खा चातुर्मास चालला होता. एकच चूल, एकच पाट्यावर वाटण, आणि निरोप आम्हा मुलांतून जायचे. "काकूला सांग, मीठ संपलंय." काकू हातभर अंतरावर उभी असायची! कारण काय होतं ते पुढे दोघींनाही आठवेना, पण किती दिवस चाललं ते आईला नेमकं सांगता यायचं. मीही तशीच. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी यांच्याशी अकरा दिवस बोलले नव्हते. बघा, अकरा. आकडा अजून लक्षात आहे.

आता खरं सांगते. लेक इथं असताना वरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन काम करायची. एका संध्याकाळी तिचं काम लांबलं. खाली आली तेव्हा पावणेआठ वाजले होते. मुकाट्याने भात-आमटी वाढून घेतली आणि जेवायला बसली. मी नातीला म्हणाले, "तुझ्या आईला आता सूर्य मावळलेला दिसत नाही."

लेक काही बोलली नाही. ताटातलं शीत न् शीत संपवलं, ताट धुऊन ते पाणीही प्यायली, मी लहानपणी शिकवलं होतं अगदी तसं. ताट जागेवर ठेवलं आणि वर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला घेऊन निघाली. वाकून नमस्कार केला, तोही न बोलता. त्यानंतर तिचा फोन नाही, माझाही नाही. पोहोचल्याचं जावईबापूंनी यांना कळवलं.

दशलक्षण पर्व लागलं. रोज बस्तीत पूजा, मग तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय. पहिल्या दिवशी उत्तम क्षमेवर प्रवचन झालं ते मी मान डोलावत ऐकलं. मोबाइलवर क्षमावाणीचे संदेश कुणाकुणाला पाठवायचे याची यादीसुद्धा केली. एकशे बेचाळीस नावं. त्यात लेकीचं नव्हतं. घरच्यांना कशाला पाठवायचा, असं मनाला सांगितलं.

आठव्या दिवशी आठवा अध्याय, कर्मबंधाचा. वाचून झाल्यावर स्वाध्याय घेणाऱ्या ताईंनी कषायांचे चार प्रकार गोम्मटसाराच्या आधारे समजावले. क्रोध कुणाचा पाण्यावरच्या रेघेसारखा, कुणाचा धुळीतल्या, कुणाचा जमिनीवरच्या, कुणाचा दगडावरच्या. हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण पुढे त्यांनी काळही सांगितला. संज्वलनाचा संस्कार अंतर्मुहूर्त टिकतो, प्रत्याख्यानावरणाचा एक पक्ष, अप्रत्याख्यानावरणाचा सहा महिने, आणि अनंतानुबंधीचा भवोभव. पक्ष म्हणजे पंधरा दिवस. माझी बोटं पदराखाली आपोआप मोजायला लागली. एकोणीस.

शेजारच्या वहिनींनी हळूच विचारलं, "आमच्या घरी सगळेच तापट. रक्तातच आहे त्याला काय करायचं?" ताई म्हणाल्या, "आईचं कर्म लेकीच्या खात्यावर जमा होत नाही हो. ज्याचं मोहनीय त्याचं. घर फार तर निमित्त." कॉमर्सवालीला हे लगेच कळलं. पण मला वेगळंच खटकत बसलं. हिशेबाचं डोकं आणि अबोला या मी दोन गोष्टी धरत होते. त्या दोन नाहीतच. आमच्यात कुणाला काही विसरता येत नाही, एवढंच आहे ते. डाळीचा भाव नाही आणि कुणी कधी काय बोललं तेही नाही. नातीचं कौतुक करताना मी कशाचं कौतुक करत होते, असं वाटून गेलं.

रविवार होता. त्या दिवशी माझं एकाशन होतं. जेवण आटोपलं, वही उघडली आणि तशीच मिटून फोन लावला. उचलला गेला. पलीकडून आवाज नाही. मीही गप्प. तिच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली ती मला ऐकू आली.

शेवटी मीच म्हणाले, "एकोणीस दिवस झाले गं."

"वीस," ती म्हणाली. "मी निघाले तो दिवस तू धरला नाहीस."

"व्याज काढताना पहिला दिवस धरत नाहीत."

"आई, व्याज कसलं काढतेस?"

मग मला हसू आलं, तिलाही आलं असावं. मी म्हटलं, "माझं चुकलं. पोरीसमोर बोलायला नको होतं." ती नुसतं "हं" म्हणाली. रात्रीच्या जेवणाचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. ते तसंच राहिलंय. तेवढ्यात नातीने फोन ओढून घेतला.

"आज्जी, मी पण मोजत होते," ती म्हणाली. "मला एकोणीसच आले."