हा निकाल कुणी लिहिला?

१ एप्रिल २०१२ ला मायामीजवळच्या सन लाइफ स्टेडियममध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीच्या रेसलमेनियाचा पडदा उघडला तोच विजेतेपदाच्या मॅचनं. एका कोपऱ्यात वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन डॅनियल ब्रायन, समोर तांबड्या केसांचा धिप्पाड आयरिश शेमस. ब्रायन प्रेयसीचा मुका घेऊन वळला आणि शेमसची लाथ त्याच्या तोंडावर बसली. एक, दोन, तीन. १८ सेकंदांत पट्टा गेला.

ब्रायन तेव्हा खलनायक होता. कशीबशी मॅच जिंकायची आणि मग दोन्ही हातांची बोटं आभाळाकडे नाचवत ‘येस! येस! येस!’ असं ओरडत सुटायचं, ही त्याची चीड आणणारी खोड. पण त्याला आधीपासून ओळखणारे लोक वेगळंच काही जाणून होते. वॉशिंग्टन राज्यातल्या अ‍ॅबर्डीन गावचा हा पोरगा उंचीनं बेताचाच. अमेरिकेतल्या लहानसहान सभागृहांत, जपानात, इंग्लंडात त्यानं वर्षानुवर्षं अशा कुस्त्या केल्या होत्या की बघणाऱ्याला धाप लागावी. डाव कसा बांधावा, वेदना शेवटच्या रांगेपर्यंत कशी पोचवावी, समोरच्याला आहे त्याहून मोठं कसं दाखवावं, हे त्याच्याइतकं जाणणारे त्या काळात थोडेच असतील. अशा माणसाला वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी १८ सेकंद दिले गेले.

दुसऱ्या रात्री मायामीतच कंपनीचा ‘रॉ’ हा साप्ताहिक कार्यक्रम होता. लोक आले ते राग सोबत घेऊन. ब्रायनची आरोळी त्यांनी उचलली आणि रात्रभर खाली ठेवली नाही. रिंगमध्ये कुणीही असो, काहीही चालू असो, ‘येस! येस! येस!’ खलनायकाची खोड एका रात्रीत हजारो लोकांची मागणी झाली. ही मागणी कंपनीनं लिहिली नव्हती, आणि हा खेळ मला इतका जिवाभावाचा का वाटतो त्याचं मूळ तिथंच आहे.

नव्वदीच्या दशकात केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजचं डब्ल्यूडब्ल्यूई) बघत वाढलेल्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलानं घरातल्या मोठ्यांकडून एक वाक्य ऐकलेलं आहे: ‘अरे, सगळं खोटं असतं ते.’ आम्ही ट्रम्प कार्डांवरच्या उंच्या आणि वजनं पाठ करत होतो, अंडरटेकर मेला की परत उठला यावर मधल्या सुट्टीत भांडत होतो, आणि ते वाक्य ऐकून गप्प बसत होतो. खरं तर त्यात गौप्यस्फोट काहीच नव्हता. १९८९ मध्ये कंपनीनं स्वतःच न्यू जर्सीच्या कायदेमंडळापुढं सांगितलं होतं की हा मनोरंजनाचा प्रकार आहे, खेळांवरची सरकारी देखरेख याला लावू नका. कोण जिंकणार हे आधी ठरतं. ठरवणारा तो बुकर, आणि ठरवण्याचं नाव बुकिंग.

पण ठरलेलं असतं म्हणूनच तर भांडता येतं. क्रिकेटमध्ये आपला लाडका फलंदाज नव्व्याण्णववर धावबाद झाला तर फार तर नशिबाला बोल लावायचा. नशीब काही उत्तर देत नाही. इथं मात्र निकालाला लेखक आहे. त्याला विचारता येतं की याला का हरवलंस, त्याला कशासाठी जिंकवलंस, इतकी वर्षं इमानानं पडणाऱ्या माणसाला कधी उभं करणार आहेस? कुस्तीचे चाहते तासन्‌तास जो वाद घालतात तो अशा न्यायाचा वाद असतो, आणि प्रेक्षागृहातला आवाज हे त्यातलं त्यांचं मत. तो आवाज आधी ठरवता येत नाही.

चांगला लेखक तो आवाज ऐकतो. २३ मार्च १९९७ ला शिकागोजवळ रोझमाँटला ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन भिडले. ब्रेट सज्जन, ऑस्टिन शिवराळ गुंड, असा कागदावरचा मामला. शेवटी ब्रेटनं शार्पशूटरचा पेच टाकला. ऑस्टिनच्या कपाळावरून रक्त दातांपर्यंत ओघळत होतं. त्यानं शरणागती पत्करली नाही, शुद्ध हरपली. त्यावरही ब्रेटचं समाधान झालं नाही, तो बेशुद्ध माणसाला मारत राहिला. मॅच सुरू झाली तेव्हा जो नायक होता तो संपेपर्यंत खलनायक झाला आणि हरलेला माणूस उठून लंगडत निघाला तेव्हा लोक त्याच्या नावानं ओरडत होते. लोकांचं मन आधीच ऑस्टिनकडे झुकू लागलं होतं. लिहिणाऱ्यांनी ते ओळखलं आणि लोकांना हव्या त्या बाजूला जाण्यासाठी वाट करून दिली. या खेळात याहून सुरेख लेखन मी पाहिलेलं नाही.

त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला माँट्रियलमध्ये लेखकाचा चेहराच लोकांसमोर आला. चॅम्पियन ब्रेट कंपनी सोडून चालला होता आणि आपल्या कॅनडात शॉन मायकल्सकडून हरायला तयार नव्हता, म्हणून शेवट वेगळा ठरला होता. मायकल्सनं ब्रेटवर ब्रेटचाच पेच टाकला, ब्रेटनं हार मानलेली नसताना मालक व्हिन्स मॅकमहॉननं रिंगजवळ उभं राहून घंटा वाजवायला लावली. ब्रेट त्याच्या तोंडावर थुंकला. या प्रसंगावर आजही चाहत्यांचे दोन तट आहेत. पट्टा घेऊन कुणी दुसऱ्या कंपनीत गेलं असतं तर काय, असं एक तट म्हणतो. मी दुसऱ्या तटातला. ज्या धंद्यात रोज आपलं शरीर दुसऱ्याच्या हाती विश्वासानं सोपवायचं असतं, त्या धंद्यात दिलेला शब्द पट्ट्याहून मोठा. मॅकमहॉननं पुढे लोकांचा तो राग वापरून स्वतःलाच पडद्यावरचा दुष्ट मालक केलं आणि ऑस्टिनच्या हातून मार खाल्ला. लोकांनी ते पैसे मोजून पाहिलं, मीही पापणी न लवता पाहिलं; पण ब्रेटवरचा अन्याय त्यानं फिटला असं मला वाटत नाही.

ब्रायनची गोष्ट पुढे गेली ती याच दुष्ट मालकाच्या घराण्याशी भिडत. ऑगस्ट २०१३ मध्ये लॉस एंजेलिसला त्यानं चॅम्पियन जॉन सीनाला सरळ, स्वच्छ हरवलं. काही मिनिटांतच पंच म्हणून उभ्या असलेल्या ट्रिपल एचनं, म्हणजे मॅकमहॉनच्या जावयानं, त्याला आपटलं आणि रँडी ऑर्टन त्याला चीत करून पट्टा उचलून गेला. ‘तू बी-प्लस दर्जाचा’, असं पडद्यावर त्याला महिनोन्‌महिने सांगण्यात आलं. नाटकातलं हे वाक्य खरंही होतं, कारण कंपनीला मोठ्या अंगाची, मोठ्या उंचीची माणसं आवडतात हे सगळ्यांना दिसत होतं. नाटक कुठं संपतं आणि मालकाचं मन कुठं सुरू होतं हे कळेनासं झालं, की चाहता सर्वांत जोरात ओरडतो.

२६ जानेवारी २०१४, पिट्सबर्ग, रॉयल रंबल. तीस जणांच्या या झुंजीत जिंकणारा रेसलमेनियाच्या मुख्य मॅचला जातो. लोक ब्रायनची वाट बघत होते. एकेक येत गेला, शेवटचा आकडा उरला. उलटमोजणी शून्याला आली आणि तिसावा म्हणून रे मिस्टेरिओ धावत आला. मिस्टेरिओ हा मुलाबाळांचा देव. त्या रात्री त्याची हुर्यो उडाली. ती हुर्यो त्याच्यासाठी नव्हती हे त्यालाही कळलं असणार. चित्रपटांतून परतलेला बटिस्टा जिंकला आणि सगळं प्रेक्षागृह त्याच्यावर उलटलं. घरी बसून ते बघताना मला त्या अनोळखी लोकांचा अभिमान वाटला. तिकीट त्यांनी काढलं होतं, पण टाळ्या विकल्या नव्हत्या.

कंपनी वाकली. ६ एप्रिल २०१४ ला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममधल्या रेसलमेनियात ब्रायननं सुरुवातीला ट्रिपल एचला हरवलं आणि रात्रीच्या शेवटी, बांधलेल्या खांद्यानं, ऑर्टन व बटिस्टा या दोघांशी लढून पट्टा घेतला. बटिस्टानं हात आपटून शरणागती दिली. सत्तर हजारांवर माणसं बोटं आभाळाकडे करून उभी होती. दोन वर्षांपूर्वीच्या १८ सेकंदांची परतफेड त्यांनी स्वतःच्या घशानं करून घेतली होती. काही आठवड्यांतच ब्रायनच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली, पट्टा सोडावा लागला, २०१६ मध्ये निवृत्तीही जाहीर करावी लागली. निकाल लिहिता येतो. मानेच्या मणक्यांना मात्र संहिता ठाऊक नसते. ‘सगळं खोटं असतं’ म्हणणाऱ्यांना मी इतकंच सांगू शकतो.

सुपरडोममधल्या त्याच रात्री ब्रॉक लेस्नरनं अंडरटेकरला हरवलं. १९९१ पासून रेसलमेनियात २१ विजय आणि पराभव एकही नाही, ती मालिका संपली. काही क्षण लोक ओरडलेच नाहीत. पडद्यावर आकडे झळकले तरी कुणाला खरं वाटेना. माझं मत इतक्या वर्षांत बदललेलं नाही: मालिका तुटायचीच असेल तर ती अशा तरुणाकडून तुटायला हवी होती ज्याला त्या विजयाची गरज होती. ब्रॉक अक्राळविक्राळ होताच, त्याला आणखी भीतिदायक करण्यासाठी एवढी ठेव मोडायची गरज नव्हती. माझे काही मित्र म्हणतात, त्यामुळेच तर त्यानं ऑगस्टमध्ये सीनाला इतकं निर्दयपणे आपटलेलं पटलं. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. तरीही मन मानत नाही.

भारतीय चाहत्यांच्या वाट्यालाही एक बुकिंग आलं. मे २०१७ मध्ये जिंदर महल हा कॅनडात जन्मलेला पंजाबी वंशाचा गडी रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन झाला. थोड्या आठवड्यांपूर्वीपर्यंत तो दर कार्यक्रमात इतरांसमोर पडणाऱ्यांपैकी होता. त्यानं शरीरावर घेतलेली मेहनत दिसत होती, तिचा मला आदर आहे. पण भारताच्या बाजारपेठेकडे बघून हे लिहिलंय, असं इथल्या-तिथल्या चाहत्यांनी लगेच ताडलं. डिसेंबरमध्ये दिल्लीला कार्यक्रम झाला, तोवर पट्टा त्याच्याकडून गेलेला होता आणि तिथंही तो ट्रिपल एचकडून हरला. म्हणजे आमच्यासाठी म्हणून जिंकवलेला माणूस आमच्याच समोर पाडला. आडनाव ओळखीचं असलं म्हणजे टाळी आपोआप मिळते हा हिशेबच चुकलेला. टाळीसाठी प्रवास दाखवावा लागतो.

तो प्रवास २०१९ मध्ये दिसला, आणि त्यात ब्रायन होता. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो परतला होता, पुन्हा चॅम्पियन झाला होता आणि पुन्हा खलनायक. आता त्याच्या वाटेत कोफी किंगस्टन आला. घानात जन्मलेला कोफी ११ वर्षं या कंपनीत होता. सुरुवातीला तर त्याला जमैकाचा म्हणून उभं केलं होतं. जोडीदारांसोबत पॅनकेक वाटत, नाचत, लोकांना हसवणारा हा माणूस मुख्य पट्ट्याच्या जवळपासही फारसा कधी गेला नव्हता. फेब्रुवारीत मुस्तफा अली जखमी झाला म्हणून पट्ट्याच्या शर्यतीत त्याच्या जागी कोफीला घेतलं आणि पहिल्याच रात्री कोफी तासभर लढला. एकामागून एक येणाऱ्यांत त्यानं चॅम्पियन ब्रायनलाही चीत केलं. लोकांनी ओळखलं. ११ वर्षांचं न फिटलेलं देणं त्यांना एकदम दिसलं आणि त्यांनी ते मागायला सुरुवात केली.

७ एप्रिलला मेटलाइफ स्टेडियममधल्या रेसलमेनियात ब्रायननं जे केलं त्यासाठी मी त्याला या खेळातला सर्वांत थोर मानतो. पाच वर्षांपूर्वी जो आवाज त्याच्यासाठी उठला होता, तो आवाज दुसऱ्यासाठी उठावा म्हणून त्यानं आपलं सारं कसब पणाला लावलं. कोफीच्या बरगड्या तुडवल्या, पेचात त्याचं तोंड मागे खेचलं, त्याला पुरता संपवत आणला, जेणेकरून उठणं हे उठणं वाटावं. कोफी उठला, लाथ बसली, तीनपर्यंत मोजणी झाली. जोडीदार रडत होते, कोफीची छोटी मुलं रिंगमध्ये आली. आफ्रिकेत जन्मलेला पहिला डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन. ब्रायन हरला आणि त्या हरण्यात त्याची सगळी कला होती.

मग आला ४ ऑक्टोबर २०१९. कंपनीचा एक साप्ताहिक कार्यक्रम नव्या वाहिनीवर गेला, पहिलीच रात्र, लॉस एंजेलिस. समोर ब्रॉक लेस्नर. घंटा वाजली, कोफीनं झेप घेतली, ब्रॉकनं त्याला हवेतच झेलून खांद्यावर घेतलं आणि आपटलं. दहा सेकंदही लागले नाहीत. लगोलग ब्रॉकच्या पुढच्या प्रतिस्पर्ध्याची, केन व्हेलास्केझची एन्ट्री झाली, पुढच्या मॅचची जाहिरात सुरू झाली आणि कोफी त्या चित्रातून पुसला गेला. पट्टा परत मागण्याची रीतसर संधीही त्याला दिली नाही. पुढच्या काही दिवसांत तो पुन्हा जोडीदारांसोबत नाचायला लागला, जणू ते सहा महिने झालेच नव्हते.

ब्रॉक जिंकला याची तक्रार नाही. नव्या वाहिनीला मोठं नाव हवं होतं, धंदा मला कळतो. पण ११ वर्षं थांबलेल्या माणसाला पडायलाही वेळ लागतो. वीस मिनिटं द्यायची होती. कोफीनं दोनदा ब्रॉकला गुडघ्यावर आणायला हवं होतं, तिसऱ्यांदा झेप चुकायला हवी होती, मुलांनी पहिल्या रांगेतून बापाला लढताना बघायला हवं होतं. तो हरला असता तरी चाललं असतं.