कसर

१.
दिवाळीपासून माझा उजवा खांदा आखडला आहे. दर गुरुवारी दुपारी ४ वाजता मावशी मालीश करायला येतात. आज साडेतीनला थर्मामीटर लावला तर १००.४. लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई, बरं झालं सांगितलंत. बऱ्याच जणी तेल लावून झाल्यावर सांगतात."

२.
कसर, कणकण, ताप, फणफणणे. मालीश पहिल्या पायरीलाच थांबवायची.

३.
अंग मोडून आले की वाटते, कुणीतरी पाय चेपून द्यावेत. पण तापातले दुखणे आखडलेल्या स्नायूंचे नसते. जंतूंशी लढताना शरीर जी रसायने रक्तात सोडते, त्यांनी अंग ठणकते. चोळून ते जात नाही. पाणी, झोप आणि गरज पडली तर पॅरासिटामॉल. आईचा कपाळावरचा हात मात्र कुठल्याही तापात चालतो.

४.
अष्टांगहृदयातला दिनचर्येचा अध्याय रोज अभ्यंग करायला सांगतो; डोके, कान आणि पाय यांना विशेष. लागलीच कुणी करू नये तेही सांगतो: कफाने ग्रासलेल्याने, वमन-विरेचन झालेल्याने, अजीर्ण असलेल्याने. सुश्रुत नव्या तापाचे नाव घेऊन मनाई करतो. दिवाळीत तेलाच्या जाहिरातींत यातला पहिला भाग वाचायला मिळतो. दुसराही छापावा, असे मला मनापासून वाटते.

५.
मावशी एका घरचे ४०० रुपये घेतात. दिवसाला पाच घरे. मी आजारी पडले तर त्यांचे एक घर बुडते. त्या आजारी पडल्या तर पाचही.

६.
तापामुळे चुकलेल्या गुरुवारचे पैसे दिले. घेईनात. "काम केलं नाही तर कसले?" म्हणाल्या. मी म्हटले, तुमची दुपार मी अडवून ठेवली होती, तिचे. मग घेतले, पण नोटा बराच वेळ हातातच धरून बसल्या.

७.
शहरातल्या एका मसाज केंद्रातला फलक: २४ तासांच्या आत रद्द केल्यास पूर्ण शुल्क आकारले जाईल. ताप २४ तास आधी कळवून येत नाही. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस गोळी घेतो आणि येऊन टेबलावर झोपतो. खोली बंद, एसी चालू, काम करणाऱ्या मुलीचे तोंड त्याच्यापासून हातभर अंतरावर, आणि असा तासभर. आजारपणाला या नियमातून सूट हवीच. फ्लू तर लक्षणे दिसायच्या एक दिवस आधीपासून पसरू लागतो.

८.
गोळीने उतरलेला ताप उतरलेला धरायचा नाही. गोळी न घेता पूर्ण एक दिवस जाऊ द्यायचा. आमचे असे ठरले आहे.

९.
आजोबांना उसण भरली की गल्लीतल्या पायाळू माणसाला बोलावणे जायचे. तो पाठीला पाय लावायचा आणि आजोबा उठून बसायचे. एकदा उठले नाहीत. तेल लावून झाले, शेकून झाले. तिसऱ्या दिवशी बरगडीच्या एकाच बाजूला पाण्याच्या फोडांची रांग उमटली. नागीण. तिची आग फोडांच्या आधी काही दिवस सुरू होते, म्हणून ती उसणीसारखी वाटू शकते. फोडांतले पाणी लागले तर कांजिण्या न झालेल्या माणसाला कांजिण्या होतात. त्यांची पाठ चोळणारी काकू तेव्हा गरोदर होती. तिला लहानपणीच कांजिण्या येऊन गेल्या होत्या, हे आम्हाला नंतर कळले.

१०.
पहिल्यांदा झालेली खरूज खाजू लागायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात मावशींची किती घरे होतात!

११.
दुसऱ्या मजल्यावरचे काका रात्रभर बसने प्रवास करून नागपूरहून आले. पोटरी दुखू लागली. गोळा आला असेल, जरा रगडून द्या, म्हणाले. मावशींनी त्यांचे दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एकच सुजलेला, गरम, तांबूस. तेलाची बाटली उघडलीच नाही. "आधी डॉक्टरांना दाखवा." डॉपलर तपासणीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. चोळताना ती सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. मावशी पूर्वी एका फिजिओथेरपिस्टकडे मदतनीस होत्या, तिथे हे शिकल्या. काकांकडून त्यांनी त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. हात कुठे लावला, म्हणाल्या.

घ्यायला हवे होते.

१२.
पिंपांतल्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत का, ते तपासायला महापालिकेचा माणूस आला. डेंगीत प्लेटलेट उतरतात. जोराने रगडले तर कातडीखाली रक्त साकळू शकते. चिकुनगुनियात सांधे असे धरतात की माणूस तेलासाठी विनवण्या करतो. पहिल्या दिवसांत हे दोन ताप वेगळे ओळखू येत नाहीत. आधी रक्त तपासायचे.

१३.
भाचीचे बाळ दीड महिन्याचे झाले. आज लस. मांडीत सुई टोचलेली, अंग कोमट. मालीशवाल्या बाई आल्या, बाळाकडे पाहिले आणि तेलाची वाटी बाजूला सारून बाळंतिणीचे पाय दाबत बसल्या.

१४.
एमिल व्होडर हा डॅनिश माणूस १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये काम करत होता. त्याच्याकडे सततच्या सर्दीने गळ्यात गाठी आलेले लोक येत. अशा गाठींना हात लावायचा नाही, असा तेव्हा दंडक होता. त्याने अगदी हलक्या हाताने लावला. त्यातून निघालेली लसिकेची मालीश आज स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजलेल्या बायकांना दिली जाते. माझ्या मैत्रिणीलाही दिली. पण तो हात लाल होऊन तापला, अंगात ताप आला, की तीही त्याच क्षणी बंद आणि डॉक्टर गाठायचा. तिच्या फ्रिजवर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवले आहे.

१५.
गुरुवार. ४ वाजता बेल वाजली. मावशींचे डोळे लाल, आवाज बसलेला, पदर नाकाला. सकाळच्या घरच्या बाईंना परवा ताप होता, तो मालीश झाल्यावर कळला. "तुम्हाला सांगावं म्हणून आले. फोनमधला बॅलन्स संपलाय."

खिडकी उघडली, आल्याचा चहा केला. त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, मी लांब. ४०० रुपये दिले. उरलेल्या दोन घरांचे नंबर घेऊन मीच फोन केले. पहिल्या घरी म्हणाले, विश्रांती घ्यायला सांगा.

दुसऱ्या घराने विचारले, मग उद्या सकाळी येतील का?