सुरगाण्याचा एक चौकोन

पान, विडी, तंबाखू यांतलं एकही व्यसन मला नाही, हे सौभाग्यवती चारचौघांत अभिमानानं सांगते आणि मग हळूच जोडते, "पण रात्रभर कॉम्प्युटरवर राज्य करतात!" बाई खरं बोलते. सिड मायर या अमेरिकन गृहस्थाचा 'सिव्हिलायझेशन' हा खेळ १९९१ साली निघाला. नोकरीच्या ऐन उमेदीत तो मी हाती धरला, तो पेन्शन लागली तरी सुटलेला नाही. बुद्धिबळासारखाच, आळीपाळीनं खेळायचा. इसवी सनापूर्वी ४००० साली मूठभर माणसं घेऊन निघायचं, गाव वसवायचं, लिपी शोधायची आणि जमलं तर अंतराळ गाठायचं. २०२५ साली त्याची सातवी आवृत्ती आली. "एवढी एक खेळी, मग झोपतो," असं म्हणत मी किती पहाटा पाहिल्या, ते देवाला ठाऊक!

गेल्या नाताळात मी सुरगाण्याला मुलीला आणायला गेलो. ती तिकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षिका आहे. तिच्या बदलीचा अर्ज मी स्वतःच लिहून खिशात घेतला होता. सही तेवढी तिची हवी होती. नाशिकहून एस. टी. दिंडोरी, वणी करीत निघाली. सप्तशृंगीचा डोंगर उजवीकडे राहिला. बोरगावला रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी मांडून बायका बसलेल्या. तिथून सरळ गेलं की हातगड आणि पलीकडे गुजरातेतलं सापुतारा. आमची गाडी डावीकडे सुरगाण्याला वळली. डोंगर, जंगल, नदी. डोंगर, जंगल, नदी. माझ्या पडद्यावरचे चौकोनच कुणीतरी मांडून ठेवले होते!

सुरगाणा हे एके काळी देशमुखांचं चिमुकलं संस्थान होतं. १९४८ साली ते विलीन झालं. माझ्या नकाशावर ते एका चौकोनाएवढंही भरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मुलीनं मला एका पाड्यावर नेलं. तिच्या विद्यार्थिनीच्या आजीनं नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. आता, माझ्या खेळात रानात अशा झोपड्या असतात. आपला माणूस आत शिरला की कधी सोनं मिळतं, कधी एखादी विद्या, आणि झोपडी नकाशावरून नाहीशी होते. तीस वर्षांत अशा किती झोपड्या मी पुसल्या असतील! आजीनं दुसरी भाकरी वाढली, तेव्हा मला मान वर करवेना.

परतताना मुलगी पाण्याविषयी बोलत होती. पाऊस इथे धो धो पडतो, पण नार, पार या नद्या तो घेऊन पश्चिमेला गुजरातेत उतरतात आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन झरे धुंडाळतात. २०२२ च्या अखेरीस सीमेवरच्या काही गावांनी सांगून टाकलं होतं, की रस्ता, पाणी, दवाखाना देता येत नसेल तर आम्हांला गुजरातेत घाला.

"अगं, हे माझ्या खेळात आहे!" मी उत्साहानं म्हणालो. "२००१ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. शेजाऱ्याची संस्कृती वरचढ असली, की सीमेवरचं गाव लढाईवाचून त्याला जाऊन मिळतं. माझं एक असंच गेलं. रात्रभर त्या यंत्राला शिव्या देत बसलो होतो."

"बाबा, त्या गावात तुम्ही काय बांधलं होतं? शाळा? देऊळ?"

"तिथे वाचनालय बांधता आलं असतं," मी म्हणालो. "पण नाही बांधलं. लहान होतं गं ते. आणि राजधानीपासून फार लांब."

ती काही बोलली नाही. तिची पोरं नाताळच्या सुट्टीतही ओट्यावर वह्या घेऊन तिची वाट पाहत बसली होती, ती उठून पळत आली.

परतीच्या गाडीत मी एकटाच बसलो. अर्ज खिशातच होता. बोरगावला स्ट्रॉबेरीची एक पेटी घेतली. घरी पोचलो तेव्हा सौभाग्यवती दारातच उभी होती.

"आणि मुलगी?"

मी तिच्या हातात पेटी दिली.