चिनी मातीचा मंडप

नव्यानेच चाली लावायला लागलो होतो. एका गाण्यात ‘दिन’ या शब्दावर मी सूर लांबवला. तालमीत मागून कुणीतरी विचारलं, “दीन कोण झालं?” चाल त्याच संध्याकाळी बदलली. ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती तेव्हापासूनची.

चिनी संगीतकाराची पंचाईत याहून मोठी. तिथे शब्द सूर घेऊनच जन्माला येतो. ‘ह्वा’ वरच्या सुरात सपाट धरला तर फूल; वरून खाली टाकला तर चित्र. चाल शब्दाच्या सुराविरुद्ध गेली, की कुन्छू नाटकातले जाणकार ‘शब्द उलटला’ म्हणतात.

म्हणूनच चिनी संगीतकार ये श्याओगांग यांचं ‘पृथ्वीचं गाणं’ मी पेन्सिल घेऊन ऐकतो. सोप्रानो, बॅरिटोन आणि ऑर्केस्ट्रासाठी 2004-05 मध्ये केलेली ही रचना. याच नावाची संगीतकार माहलरची रचना 1908-09 ची. तिच्यातल्या थांगकालीन कविता फ्रेंचमधून जर्मनमध्ये आणि तिथून हान्स बेथगेच्या 1907 च्या पुस्तकात, अशा हात बदलत आलेल्या. ये यांनी त्यांचे मूळ चिनी शब्द घेतले.

वाटेत एक गंमत झाली होती. त्यांतल्या कवी लि बायच्या एका कवितेचं शीर्षक आहे ‘ताओ यांच्या मंडपातली मेजवानी’. ताओ हे आडनाव. शब्दाचा अर्थ मातीची भांडी. ज्युदित गोत्येच्या फ्रेंचमध्ये मंडपच चिनी मातीचा झाला. लोखंडे यांच्या बंगल्यावर जेवलात आणि भाषांतरात बंगलाच लोखंडी निघाला, तसं. माहलरने मात्र त्या चुकीचं सोनं केलं: बासऱ्या, ट्रँगल, सगळं कसं टिचकी मारल्यासारखं किणकिणतं.

ये यांच्याकडे ओळीच्या शेवटी ‘ह्वा’ येतो, तेव्हा माझी पेन्सिल थांबते. फूल राहिलं की चित्र झालं? ऑपेराच्या पद्धतीने कंप देत लांबवलेल्या सुरात हे कळणं अवघडच. शिवाय थांग काळातले उच्चार आजचे नव्हतेच, तेव्हा फार सोवळं पाळण्यातही अर्थ नाही. तरी माझं मत ये यांच्या बाजूने; त्यांनी आपल्याच भाषेत चाल लावली. परक्या भाषेत चाल लावणं सोपं. तिथे शब्द उलट बोलत नाही.

संगीत-संचालक लाँग यू आणि शांघाय सिंफनीच्या एकाच अल्बमवर दोन्ही रचना आहेत. आधी माहलर ऐका, मग ये. लि बायच्या आठ ओळींत तळं आहे, झाडं आहेत, फुलं आहेत. चिनी माती औषधालाही नाही.