गुडघा कुणी बघायचा?

आमच्या तालुक्यात कबड्डीचा सीझन लागला की गुडघे जायला लागतात. आणि ते बघायला सगळे तयार असतात. जिमवाले सर, हाड बसवणारे बाबा, मेडिकलवाला. ऑर्थोपेडिककडे जायचं तर जिल्ह्याला, म्हणजे दिवसाचा खाडा.

मागच्या वर्षी एका स्पर्धेची बातमी करायला गेलो होतो. एका चढाईपटूचा पाय वळला, 'कट्' असा आवाज मला रेषेबाहेर ऐकू आला. सरांनी स्प्रे मारला, पाय ओढून 'बसवला', क्रेप बँडेज गुंडाळलं आणि दुसऱ्या हाफला पोरगं परत आत! तीन आठवड्यांनी एमआरआय झाला. एसीएल पूर्ण तुटलेलं, मेनिस्कसही फाटलेला. पोरगं पोलीस भरतीची तयारी करत होतं, आता 1600 मीटर कुठून पळणार?

सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी ऑनलाइन कोर्स केलाय, मनापासून व्यायाम शिकवतात. पण दुखापत कुठे ओळखायची आणि हात कुठे आखडता घ्यायचा, हे त्यांना सांगणारा कायदाच नाही. फिजिओथेरपिस्टसाठी राज्याची परिषद आहे, 2021 चा केंद्राचा कायदाही आहे. जिम ट्रेनरसाठी अशी वैधानिक परिषद नाही. उद्या कुणीही पाटी लावावी.

अमेरिकेत खेळाडूची दुखापत मैदानावर बघणारा 'ॲथलेटिक ट्रेनर' हा वेगळाच पेशा आहे. टेक्ससने 1971 मध्ये त्याला परवाना लावला. मग एकेक करत बाकी राज्यांनी कायदे केले, कॅलिफोर्निया तेवढं राहिलं. त्याने काय करायचं, कुठल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली करायचं, हे कायद्यात लिहिलेलं असतं. हद्दीवरून तिकडेही भांडणं होतात, पण निदान हद्द तरी आहे.

आपल्याकडे भांडण कशावर? सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं, फिजिओंनी नावाआधी 'डॉ.' लावू नये. दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. पाटीवर काय लिहायचं यावर एवढा गदारोळ, आणि मैदानावर कुणी उभं राहायचं यावर एक ओळ नाही.

माझं म्हणणं एवढंच, स्पर्धेला परवानगी देताना नोंदणीकृत फिजिओ हजर ठेवायची अट घाला. मंडपाला, डीजेला, बक्षिसाच्या बुलेटला पैसे निघतातच की. आमच्या तालुक्यात अशा दोन फिजिओ ताई आहेत. दोघींशी बोललो, बोलावलं तर येऊ म्हणाल्या. आजवर एकाही मंडळाने विचारलेलं नाही. कुणाला नंबर हवा असेल तर इनबॉक्स करा.