सांगायचे राहिलेले दुखणे

इंदूरच्या त्या मराठी घरात सूनबाईंचा ताप एकविसाव्या दिवशीही उतरला नव्हता. संध्याकाळ झाली की अंगात कणकण, रात्री दरदरून घाम. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, टायफॉइडच्या झाल्या. औषध चालू असेपर्यंत ताप दबायचा, संपले की पुन्हा वर यायचा.

मोठ्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकत राहिले. "लहानपणी सांधे सुजले होते का?" त्यांनी विचारले.

तिने सासूबाईंकडे पाहिले. दहाव्या वर्षी तिचे गुडघे, घोटे आळीपाळीने सुजले होते. घशाच्या दुखण्यातून आलेल्या त्या तापाने हृदयाची एक झडप बिघडवली होती. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन असे. लग्न ठरले तेव्हा आई म्हणाली होती, "सासरी हे बोलायचं नाही." इंजेक्शनेही माहेरीच राहिली.

"हो," ती हळूच म्हणाली. "आणि दोन महिन्यांपूर्वी दाढ काढली."

डॉक्टरांनी समजावून सांगितले. दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तात शिरतात. निरोगी शरीर त्यांचा लगेच निकाल लावते. पण खराब झडपेवर ते घर करतात. तिथला तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायू होऊ शकतो. १९११ साली जगप्रसिद्ध संगीतकार गुस्ताव माहलर याच रोगाने पन्नासाव्या वर्षी गेले. रक्ततपासणीत जंतू सापडले होते, पण तेव्हा पेनिसिलिन नव्हते.

आता ते आहे. तीन वेळा रक्त घेऊन जंतू वाढवून पाहिले, इकोकार्डिओग्राफीत झडपेवरची गाठ दिसली. मग चार आठवडे शिरेतून पेनिसिलिन.

रोज दुपारी सासूबाई पेजेचा डबा घेऊन येत. एकदा म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर मीच नेलं असतं गं इंजेक्शनला." खरेच नेले असते, की सोयरीकच मोडली असती? दोघींनाही ठाऊक नव्हते. पण त्यानंतर दर तीन आठवड्यांची तारीख त्यांनीच कालनिर्णयवर लाल शाईने लिहिली.

आता दातांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर ती तोंड उघडण्याआधी पर्स उघडते. तिच्यात घडी घातलेली चिठ्ठी असते: हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग होऊन गेला आहे, दात काढण्याआधी प्रतिजैविक द्यावे. अक्षर सासूबाईंचे आहे.